नोकरीचा होकार आणि गिऱ्हाइकांचा हिशेब

(आपल्या शिंपी समाज मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात तरुण सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संतशिरोमणी श्रीनामदेवमहाराजांस वंदन करून आम्ही आजच्या विषयास प्रारंभ करतो.

विषय नवा आहे, परंतु प्रश्न जुनाच आहे. अलीकडे आपल्या समाजातील पुष्कळ तरुण संगणकविद्या शिकून घरबसल्या लोकांची संकेतस्थळे तयार करून देतात व त्यांची देखभाल पाहतात. ते कोणाच्या चाकरीत नसतात. कामे सुटी येतात, मोबदला कामागणिक ठरतो आणि गिऱ्हाईक ज्याचे त्याने सांभाळावयाचे असते. या रीतीस फ्रीलान्स म्हणतात आणि हा शब्द आता आपल्या घरातील आजीबाईंच्याही तोंडी रुळला आहे. अशा एखाद्या तरुणास पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपनीकडून नोकरीचे पत्र आले म्हणजे घरात मोठी खळबळ उडते. वडील म्हणतात, पत्र आले आहे, ताबडतोब होकार कळव. आई म्हणते, आता स्थळे येतील. आणि तो तरुण मात्र रात्री उशिरापर्यंत जागा राहून विचार करतो की, या दहा-बारा गिऱ्हाइकांचे आता काय करावे?

गेल्या दोन वर्षांत असे तीन-चार तरुण आमच्याकडे सल्ल्यास आले. संगणकाच्या विद्येत आमचा काडीचाही अधिकार नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि सारा जन्म मुलांना गणित व मराठी शिकविण्यात गेला. परंतु विचार करता आम्हास असे आढळले की, या प्रश्नाचा एक भाग गणिताचा आहे, दुसरा भाग कागद नीट वाचण्याचा आहे, आणि तिसरा भाग आचरणाचा आहे. पहिल्या दोन भागांत चूक झाल्यास पैशाचे नुकसान होते. तिसऱ्या भागात चूक झाल्यास पत जाते. म्हणून या तिन्हींचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण आपण व्यासपीठावरून सांगतो आणि घरी गेल्यावर जावई मात्र नोकरीवालाच शोधतो. याचे कारण असे की, नोकरी म्हणजे पक्की अशी आपली समजूत झाली आहे. ज्यांची घरे मुंबईच्या गिरणगावात होती त्यांनी तरी असे म्हणू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतील कित्येक पुन्हा कधीच आत गेले नाहीत. त्या दिवसापर्यंत गिरणीच्या नोकरीइतकी पक्की नोकरी दुसरी नाही असेच सारे म्हणत होते. संगणकाच्या क्षेत्रातही तोच अनुभव आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या नावाजलेल्या कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. सबब पक्के व कच्चे हा भेद नोकरी आणि धंदा यांतील नव्हे. तो माणसाच्या हातातील कसबाचा आणि त्याने राखलेल्या पतीचा भेद आहे.

दुसऱ्या बाजूने, स्वतंत्र कामाविषयी तरुणांच्या मनातही एक गैरसमज असतो. आपल्यावर साहेब नाही, म्हणून आपण मोकळे, असे त्यांना वाटते. आपल्या वाडवडिलांनी दुकानात बसून जे पाहिले ते त्यांनी आठवावे. शिंप्याला साहेब नव्हता हे खरे, परंतु दिवाळीच्या आधी पंधरा दिवस प्रत्येक गिऱ्हाईक हाच साहेब असे. ज्याने हाताबाहेर कापड घेऊन ठेवले त्याची एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होई. आणि तयार कपड्यांची दुकाने आली तेव्हा साधी, सरधोपट शिलाई त्यांच्याकडे गेली. ज्याचे बेतणे चांगले आणि ज्याचा वायदा खरा, त्याच्याकडेच लग्नाचे कपडे राहिले. आज संकेतस्थळांच्या धंद्यात हेच चालले आहे. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा एक साधे पान तयार करणाराही मोठा जाणकार ठरे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि तेव्हापासून अशी साधी पाने यंत्र स्वतःच लिहू लागले आहे. तेव्हा स्वतंत्र राहणाऱ्यानेही आपली शिलाई कोणत्या प्रतीची आहे याचा विचार केलाच पाहिजे.

आता गणिताकडे वळू. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे उदाहरण त्याच्या अनुमतीने आणि नाव न घेता सांगतो. हा तरुण तालुक्याच्या गावी आईवडिलांसह राहतो. त्याच्याकडे अकरा गिऱ्हाइके होती. त्यांत एक साडीचे दुकान, दोन डॉक्टर, कोकणातील एक घरगुती निवास, एक शाळा, एक सार्वजनिक वाचनालय, एक मंगल कार्यालय, एक शिकवणी वर्ग, घरगुती मसाले विकणाऱ्या एक विधवा भगिनी, शेतीच्या अवजारांचे एक दुकान आणि दुबईस राहणारे एक मराठी व्यापारी होते. त्यास हिंजवडी येथील एका कंपनीचे पत्र आले. पत्रातील पॅकेज वर्षास ९ लाख रुपये होते. त्याची स्वतःची कमाई वर्षास ७ लाख २० हजार. घरातील सर्वांनी नवातून सात वजा केले आणि निकाल दिला.

आम्ही त्यास सांगितले की, दोन्ही कापडे एकाच गजाने मोजली पाहिजेत. प्रथम नऊ लाखांचे कापड पसरले. त्यातील ९० हजार रुपये कामगिरीनुसार मिळावयाचे होते, म्हणजे ते मिळतीलच असे नव्हे. २१ हजार ६०० रुपये हा भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा होता. आणखी सुमारे तितकेच उपदानाचे, ज्यास ग्रॅच्युइटी म्हणतात, धरलेले होते. कायम नोकराला ही रक्कम साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावरच मिळते, परंतु पॅकेजमध्ये मात्र ती पहिल्याच वर्षापासून मोजली जाते. ६ हजार ८०० रुपये विम्याचे. ही सारी वजाबाकी केल्यावर ७ लाख ६० हजार उरले. त्यातून त्याचा स्वतःचा निधीचा हिस्सा २१ हजार ६०० आणि महाराष्ट्राचा व्यवसायकर २ हजार ५०० गेला. हाती महिन्यास सुमारे ६१ हजार ३०० रुपये आले. पुण्यात खोलीचे भाडे, खाणावळ आणि जाणेयेणे यांस त्याने महिन्यास २० हजार धरले. शिल्लक ४१ हजार ३००.

मग दुसरे कापड. ७ लाख २० हजार ही त्याने पाठविलेल्या बिलांची बेरीज होती. त्यातील ६० हजार येणे होते, म्हणजे हाती ६ लाख ६० हजार आले. त्यातून सर्व्हरच्या जागेचे भाडे ४८ हजार, लागणाऱ्या प्रणालींचे परवाने ३० हजार, वीज व इंटरनेट ३० हजार, संगणकाची झीज २५ हजार, आरोग्यविमा १२ हजार आणि हिशेबतपासनिसाचे ७ हजार, असे एकंदर १ लाख ५२ हजार वजा केले. उरले ५ लाख ८ हजार, म्हणजे महिन्यास सुमारे ४२ हजार ३००. प्राप्तिकराने यात फारसा फरक पडत नव्हता, कारण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही.

येणेप्रमाणे घरातील ज्या मंडळींना पावणेदोन लाखांचा फायदा दिसत होता त्यांना महिन्यास एक हजाराची तूट दिसू लागली. परंतु एवढ्यावर थांबणे हेही अर्धेच गणित झाले असते. नोकरीत दोन्ही हिस्से मिळून वर्षास ४३ हजार २०० रुपये त्याच्या नावे भविष्यनिर्वाह निधीत व निवृत्तिवेतन योजनेत जमा होणार होते. स्वतंत्र कामात अशी सक्तीची बचत नव्हती आणि त्याने ती स्वेच्छेनेही केलेली नव्हती. नोकरीत आजारपणाची रजा होती. धंद्यात पडून राहिलेला दिवस बुडालेला दिवस होता. शिवाय त्याच्या संगणकात तासांची नोंद असे. ती पाहता आठवड्यास ५४ तास काम होते, आणि त्यातील ३१ तासांचेच पैसे मिळत होते. उरलेले २३ तास दूरध्वनी, अंदाजपत्रके आणि उधारीची आठवण देणे यांत जात होते. उलट पक्षी, आईवडिलांजवळ राहणे आणि गावात चार लोकांनी नावाने ओळखणे यांची किंमत कोणत्या रकान्यात मांडावी? आम्ही त्यास म्हटले, बाबा रे, पैशाची दोन्ही पारडी समान आहेत. आता तुझा निर्णय पैशावर होणार नाही हे तुला कळले, हाच या गणिताचा लाभ.

दुसरा भाग कागद वाचण्याचा. नियुक्तिपत्रातील रकमेचे पान सर्वजण वाचतात आणि त्यामागची पाने न वाचता सही करतात. त्या मागच्या पानांत चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, नोकरी चालू असताना दुसरे कोणतेही काम करू नये अशी अट. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे माणसास धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो, आणि नोकरी सुटल्यानंतरही अमुक धंदा करू नकोस अशी अट न्यायालयात सहसा टिकत नाही. परंतु नोकरीच्या मुदतीतील अटीचे तसे नाही. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातील नोकर पाच वर्षांचा करार मोडून त्याच धंद्यातील दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. १९६७ साली त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरती अट योग्य ठरविली.

दुसरी गोष्ट, बंधपत्र. इतकी वर्षे सोडून जाणार नाही, गेल्यास इतकी रक्कम भरीन, असे लिहून घेतात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा अथवा २ लाख रुपये ही अट वैध मानली. तेव्हा असे कागद कोर्टात टिकत नाहीत, या ऐकीव बातमीवर कोणी विसंबू नये.

तिसरी गोष्ट, केलेल्या कामाची मालकी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीतच गणली आहे. नोकरीच्या ओघात नोकराने लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेली मात्र, त्याने लेखी हस्तांतर करून दिले नसेल तर, त्याचीच असते. यास्तव कंपनीच्या संगणकावर बसून आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचे काम करणे म्हणजे दोघांच्या मालकीत गुंता करून ठेवणे होय.

चौथी गोष्ट, नोटिशीची मुदत. आपण सोडावयाचे झाल्यास किती दिवस आणि त्यांनी काढावयाचे झाल्यास किती दिवस, हे दोन्ही आकडे शेजारी लिहून पाहावेत. ते समान नसतील तर सही करण्यापूर्वीच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आणखी एक सूचना अशी की, नोकरीसाठी अनामत किंवा शुल्क मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये, आणि लेखी पत्र हाती आल्यावाचून एकाही गिऱ्हाइकास निरोप देऊ नये.

आता तिसरा भाग, जो आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या या विद्यार्थ्याने प्रथम जो बेत केला होता तो पुष्कळांच्या मनात असतो. दिवसा नोकरी करावी, रात्री अकरा गिऱ्हाइके सांभाळावीत आणि कोणासही काही सांगू नये. दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचा हा प्रकार आहे. विप्रो कंपनीच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले की, एकाच वेळी प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना कामावरून दूर केले आहे. त्याच्याच आदल्या महिन्यात स्विगी कंपनीने मात्र, काही अटींवर व परवानगीने, कामाच्या वेळेबाहेर दुसरे काम करण्यास आपल्या नोकरांना मोकळीक दिली होती. या दोन उदाहरणांवरून एवढेच दिसते की, दुसरे काम हा स्वतः अपराध नव्हे. लपवून केलेले काम हा विश्वासघात होतो. मालकास विचारावे. नाही म्हणाला तर नाही.

पकडले जाण्याची गोष्ट आम्ही बाजूस ठेवतो, कारण पकडले जाणार नाही म्हणून करावे असे आम्ही शाळेत कधी शिकविले नाही. गिऱ्हाइकांच्या बाजूने पाहा. कोकणातील निवासाचे बुकिंगचे पान दिवाळीच्या सुटीत सकाळी अकरा वाजता बंद पडले तर हा तरुण कंपनीच्या बैठकीत बसलेला असणार. रात्री दहा वाजता तो पान सुरू करील, तोपर्यंत त्या कुटुंबाचा हंगामातील एक दिवस गेला. या गिऱ्हाइकांनी कंपनीला ओळखले नव्हते, त्यांनी आपल्या या मुलास ओळखले होते. कापड कापून टाकलेल्या शिंप्याने, मला आता दुसरीकडे काम लागले, असे म्हणून दुकानास कुलूप लावले तर त्या गिऱ्हाइकाने कोणाकडे जावे? न कापलेले कापड परत देता येते, परंतु कापलेले शिवूनच द्यावे लागते, किंवा माप व कापड दोन्ही दुसऱ्या भरवशाच्या कारागिराच्या स्वाधीन करावे लागते. आपल्या धंद्याची ही जुनी रीत आहे आणि ती या नव्या धंद्यास जशीच्या तशी लागू पडते.

आम्ही त्यास अकरा गिऱ्हाइकांची यादी करावयास लावली आणि प्रत्येकापुढे चार प्रश्न लिहिले. काम कोठवर आले आहे? पैसे आगाऊ घेतले आहेत काय? संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी कोणाच्या नावे आहे? आणि परवलीचे शब्द कोणापाशी आहेत? तिसऱ्या प्रश्नापाशी तो थबकला. संकेतस्थळाचे नाव हे कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक वर्षांसाठी नोंदवावे लागते आणि मुदतीत नूतनीकरण न केल्यास काही काळाने दुसऱ्या कोणासही घेता येते. मसाले विकणाऱ्या त्या भगिनींच्या संकेतस्थळाचे नाव सोयीसाठी याच्याच नावे नोंदलेले होते, आणि नूतनीकरणाची सूचना याच्याच टपालपेटीत येत असे. नोकरीच्या गर्दीत ती एक सूचना नजरेआड झाली असती तर त्या बाईंनी पिशवीपिशवीवर छापलेला पत्ता त्यांचा राहिला नसता. पतीच्या मागे दोन मुलांना वाढवीत सहा वर्षांत उभे केलेले नाव एका न वाचलेल्या पत्रापायी गेले असते.

यापुढे त्याने जे केले ते आम्ही तरुणांच्या माहितीसाठी क्रमाने सांगतो. प्रथम त्याने कंपनीकडे उत्तरासाठी पंधरा दिवस मागितले, ते मिळाले. नंतर रुजू होण्यास साठ दिवसांची मुदत मागितली आणि कारण खरे सांगितले की, माझ्याकडे लोकांची कामे आहेत, ती मार्गी लावल्याशिवाय मी येऊ शकत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ती मान्य केली. आमचा तर्क असा की, जो जुन्या गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडत नाही तो आपल्यालाही सोडणार नाही, असे त्यांस वाटले असावे. शाळेचे काम प्रवेशाच्या हंगामात होते आणि दुबईच्या व्यापाऱ्यांचे काम अर्धवट होते. या दोहोंसाठी सहा महिने, कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या संगणकावर काम करण्याची आणि नवे गिऱ्हाईक न घेण्याची लेखी परवानगी त्याने मिळविली. पाच गिऱ्हाइके शेजारच्या गावातील एका जाणत्या तरुणाकडे दिली. मसाल्यांच्या भगिनींसह तीन गिऱ्हाइके आपल्याच समाजातील एका मुलीकडे दिली, जी हे काम शिकून वर्षभर काम शोधत होती. वाचनालयाच्या ग्रंथपालांना त्याने चार रविवार बसवून शिकविले आणि आता ते स्वतःच आपले पान चालवितात. प्रत्येक नाव ज्याच्या त्याच्या नोंदणीत गेले, परवलीचे शब्द बदलून ज्याचे त्याच्या हाती दिले, आणि कोणते काम कोठे आहे याची टाचणे लिहून दिली. तिघांनी वर्षाची देखभाल आगाऊ भरली होती. उरलेल्या महिन्यांचे १४ हजार ५०० रुपये त्याने नव्या सांभाळणाऱ्यांस दिले.

त्याने नोकरी धरली हेच योग्य, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. दुसऱ्या एका तरुणास असेच पत्र आले होते, त्याने हिशेब केला आणि नकार कळविला. त्याची चार गिऱ्हाइके मोठी होती, काम शिलाईच्या वरच्या प्रतीचे होते आणि आई अंथरुणाला खिळलेली होती. त्याने आभाराचे पत्र लिहून, मुदतीत आणि सौजन्याने नकार दिला. तोही आम्हास तितकाच योग्य वाटतो.

परंतु जो स्वतंत्र राहतो त्याने नोकरीत जे आपोआप होते ते स्वतः करावे. धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे असावे. सहा महिन्यांचा खर्च बाजूस असावा, कारण थेंबे थेंबे तळे साचे हे ज्याला पगार नाही त्यानेच अधिक लक्षात ठेवावयाचे. १९६८ पासून चालू असलेला सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी आणि २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झालेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना त्याच्यासाठीच आहेत. आरोग्यविमा पहिल्या कमाईतून घ्यावा. माप न घेता कापड कापू नये, म्हणजे काय करावयाचे व काय करावयाचे नाही हे लिहून घेतल्यावाचून काम सुरू करू नये, आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी. शासनाच्या उद्यम नोंदणीस शुल्क नाही. ती केली असता २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याचा आधार मिळतो. त्या कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने ठरल्या मुदतीत पैसे द्यावयाचे असतात. ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. प्राप्तिकर कायद्यात संगणक-तंत्रज्ञानासारख्या विहित व्यवसायांना मर्यादित जमेपर्यंत निम्मी जमा हाच नफा धरून कर भरण्याची सोय आहे. त्यामुळे वह्यांचा त्रास वाचतो. परंतु सरकारने वही मागितली नाही म्हणून आपण वही ठेवू नये असे नव्हे. वही ठेवली असती तर आमच्या त्या विद्यार्थ्यास आपले २३ तास कोठे जातात हे दोन वर्षे आधीच कळले असते.

आता वडीलधाऱ्या मंडळींस दोन शब्द. आपल्या वधूवर मेळाव्यात जो परिचयपत्रिकेचा नमुना वापरतात त्यात नोकरीचे ठिकाण व पगार असे रकाने आहेत. स्वतंत्र काम करणारा मुलगा किंवा मुलगी तेथे रेघ मारते आणि ती रेघ पाहून पत्रिका बाजूस पडते. दोन स्थळे याच कारणासाठी परत गेल्यावर पुढच्या पत्रास घाईने होकार देणारा एक तरुण आम्ही पाहिला आहे. पत्रिकेतील एका रकान्याने माणसाच्या आयुष्याचा धंदा ठरावा, हे स्वतःच्या हाताच्या कसबावर उभ्या राहिलेल्या आपल्या समाजास शोभत नाही. कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, पुढील नमुन्यात व्यवसायाचे स्वरूप आणि गेल्या तीन वर्षांचे सरासरी उत्पन्न असे रकाने घालावेत. नोकरी असो की स्वतंत्र काम, दोघेही मग एकाच गजाने मोजले जातील.

तसेच मुलगा गाव सोडून गेला म्हणून कोणी खंत करू नये. नामदेवमहाराज पंढरीचे, तरी ते पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि पंढरीचे नाते त्यांनी सोडले नाही. जाणे वाईट नाही, मागचे न सांगता टाकून जाणे वाईट.

शेवटची सूचना व्यवहाराची आहे. पूर्वी पेठेतील एखादा शिंपी आजारी पडला किंवा परगावी गेला तर त्याची मापाची वही शेजारच्या दुकानात जाई आणि गिऱ्हाइकाची अडचण होत नसे. आज संकेतस्थळांचे काम करणारी आपली मुले आपापल्या खोलीत एकेकटी बसतात, आणि त्यांच्यातील एकास दुसऱ्याचा पत्ता ठाऊक नसतो. मंडळाने अशा मुलामुलींची एक यादी करावी, वर्षातून दोन वेळा त्यांस एकत्र बसवावे आणि काम हस्तांतरित करण्याचा एक साधा छापील नमुना तयार करून द्यावा. खर्च कागदाचा आणि चहाचा. पुढील वेळी एखाद्यास नोकरीचे पत्र आले, किंवा कोणी आजारी पडले, तर त्याची गिऱ्हाइके कोणाच्या स्वाधीन करावयाची हे त्यास त्याच दिवशी ठाऊक असेल. या यादीचे लेखनिकाचे काम मंडळाने आमच्यावर सोपविल्यास आम्ही ते आनंदाने करू. नावे आजच, सभा संपल्यावर, या टेबलाशी लिहून द्यावीत.